मक्याच्या पोंग्यातले ते पांढरे दाणे अळीची अंडी नाहीत, चिरडू नका

एक फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. पानावर एक मरगळलेली अळी, आणि तिच्या अंगाला किंवा अगदी शेजारी चिकटलेले तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे. कधी सुटे, कधी कापसाच्या बोळ्यासारखे एकत्र. खाली कॅप्शन ठरलेलं असतं, 'अळीने अंडी घातली आहेत, ताबडतोब फवारणी घ्या.' शेतीच्या ग्रुपवर असा फोटो पडला की पाच मिनिटांत औषधांची नावं यायला लागतात.

यात दोन चुका आहेत. पहिली शाळेतल्या विज्ञानाची. अळी अंडी घालतच नाही. अळी म्हणजे पतंगाचं किंवा फुलपाखराचं पोर. ती खाते, कात टाकते, कोषात जाते, मग पतंग होऊन बाहेर येते, आणि अंडी घालते ती त्या पतंगाची मादी. दुसरी चूक मात्र खिशाला लागणारी आहे. ते पांढरे दाणे त्या अळीचे कोणीच नसतात. ते तिला आतून खाऊन बाहेर पडलेल्या एका बारीक गांधीलमाशीचे कोष असतात. म्हणजे अळीचा कार्यक्रम आधीच झालेला असतो. आपण फवारतो तेव्हा मरते ती बहुतेक वेळा गांधीलमाशी.

हिच्या कुळाचं नाव कोटेशिया. मराठीत तिला वेगळं नाव नाही, आणि त्यात नवल नाही, कारण ती दिसतच नाही. गांधीलमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छपराखालचं पोळं आणि सुजलेला गाल येतो. ही दोन-तीन मिलिमीटरची, काळी, मुंगीला पंख फुटल्यासारखी. माणसाला चावत नाही, पोळं करत नाही. जुन्या पुस्तकांत हिच्या बऱ्याच जाती 'अपॅन्टेलिस' या नावाखाली सापडतात. नंतर शास्त्रज्ञांनी त्या मोठ्या कुळाची वाटणी केली आणि त्यातल्या अनेक जाती कोटेशियात आल्या. जगभरात हिच्या शेकडो जाती आहेत, आणि जवळपास सगळ्यांचा धंदा एकच, पतंग-फुलपाखरांच्या अळ्या.

वरकुट्यात हिचं काय काम?

इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी दोन गावं आहेत. तालुक्याला एका बाजूने उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूने नीरा कालवा. त्यामुळे बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस आलाच, आणि दुधाचा धंदा असल्यामुळे मकाही आला. दाण्याचा कमी, चाऱ्याचा आणि मुरघासाचा जास्त. शिवाय रब्बीत ज्वारी. ऊस, मका आणि ज्वारी ही तिन्ही गवताच्याच घराण्यातली पिकं, आणि तिन्हींच्या खोडात शिरणाऱ्या अळ्याही एकमेकींच्या भावकीतल्या.

उसात लागणीनंतर पहिल्या काही महिन्यांत खोडकिडा येतो. मधला पोंगा वाळतो, ओढला की सहज हातात येतो आणि त्याला घाण वास येतो. सुरू उसाला उन्हाळ्यात हा त्रास जास्त. पुढे कांड्या धरल्यावर कांडी कीड येते. ज्वारी-मक्याच्या खोडात वेगळा खोडकिडा असतो. या तिघींच्या मागावर असते कोटेशिया फ्लेविपेस, म्हणजे 'पिवळ्या पायांची कोटेशिया'. पीटर कॅमेरॉन या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने तिचं वर्णन १८९१ मध्ये केलं. ती मूळची आशियातली. तिला इथे कोणी आणून सोडलेलं नाही.

मक्यावर मात्र २०१८ पासून एक परदेशी पाहुणी आली, अमेरिकन लष्करी अळी. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत पोहोचली, २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. मक्याच्या पोंग्यात बसून ती पान कुरतडते आणि लाकडाच्या भुशासारखी विष्ठा मागे ठेवते. ती आली तेव्हा सगळ्यांची भीती एकच होती, परकी कीड आहे, इथे हिला खाणारं कोण? पण इथल्या गांधीलमाश्यांनी तिला ओळखायला फार वेळ घेतला नाही. पहिल्याच वर्षी कर्नाटकात केलेल्या पाहणीत तिच्यावर जगणाऱ्या स्थानिक परोपजीवी गांधीलमाश्या सापडल्या. पुढे कोटेशिया रुफिक्रस या इथल्याच जातीची नोंदही झाली. रुफिक्रसला हे काम नवं नव्हतं. आपल्याकडची जुनी, देशी लष्करी अळी हे तिचं नेहमीचं भक्ष्य. शेजारणीवरून तिने नवीला ओळखलं म्हणा हवं तर.

एवढीशी माशी एवढ्या रानात अळी शोधते कशी?

मला यातला सगळ्यात भारी भाग हा वाटतो. माशी अळीला शोधत फिरत नाही. मका तिला बोलावतो.

१९९० मध्ये अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस या तीन संशोधकांनी हे दाखवलं. मक्याच्या रोपाला अळीने कुरतडलं की रोप काही तासांत एक वेगळा वास सोडायला लागतं, आणि कोटेशिया मार्जिनिव्हेंट्रिस ही तिकडची जात त्या वासाच्या दिशेने येते. नुसतं ब्लेडने पान कापलं तर तसा वास येत नाही. कापलेल्या जागी अळीची लाळ लावली तर येतो. म्हणजे रोपाला कळतं की आपल्याला वाऱ्याने फाडलंय की अळीने खाल्लंय. लाळेतला हा खुणेचा पदार्थ १९९७ मध्ये सापडला. त्याचं नाव व्होलिसिटिन. आणि मार्जिनिव्हेंट्रिस कोणाच्या मागावर असते? त्याच अमेरिकन लष्करी अळीच्या, जी आज आपल्या मक्यात बसली आहे.

वासाचा माग काढत माशी रोपापर्यंत येते. मग विष्ठेचा वास, खाल्लेल्या पानाची कड, असं करत अळीपर्यंत. पानावरची अळी असेल तर काम सेकंदांचं. शेपटीकडची सुईसारखी नळी टोचायची, अंडी सोडायची, उडून जायचं.

उसातल्या किंवा ज्वारीतल्या खोडकिड्याचं प्रकरण अवघड आहे. तो खोडाच्या आत भुयारात. फ्लेविपेसची मादी एवढी बारीक असते की विष्ठेने भरलेल्या त्या भुयारात ती सरळ घुसते. आत अळी तिच्यापेक्षा कितीतरी पट मोठी, वळायला जागा नाही, आणि अळी चावते. कितीतरी माद्या तिथेच मरतात. पण प्रौढ माशीचं आयुष्यच मुळात दोन-चार दिवसांचं. त्यामुळे ती एका अळीत एकदम तीस-चाळीस अंडी घालून मोकळी होते. परत कधी संधी मिळेल याची वाट बघायला वेळच नाही.

आत काय होतं?

कोणाच्याही शरीरात बाहेरची गोष्ट गेली की शरीर तिला सोडत नाही. अळीच्या रक्तातल्या पेशीही परक्या अंड्याला घेरून मारून टाकतात. मग ही अंडी वाचतात कशी?

कोटेशिया अंड्यांबरोबर विषाणू टोचते. हे वाचून मी दोनदा तपासलं, पण आहे असंच. हा विषाणू तिला कुठून लागण होऊन मिळत नाही, तो तिच्या स्वतःच्या जनुकांत लिहिलेला असतो. साधारण १० कोटी वर्षांपूर्वी या माश्यांच्या पूर्वजाला एका विषाणूची लागण झाली. त्याची जनुकं पूर्वजाच्या जनुकांत मिसळली आणि पिढ्यानपिढ्या पुढे आली. आज मादीच्या अंडाशयात हे विषाणूकण तयार होतात, अंड्यांसोबत अळीत जातात आणि अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतात. अळीची वाढही त्यांच्या सोयीने वळवली जाते. ती कोषात जात नाही. पतंग कधी होतच नाही.

तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. बारीक पोरं अळीचं रक्त पिऊन वाढतात. महत्त्वाचे अवयव ती शाबूत ठेवतात, कारण अळी मेली तर ताजं अन्न संपलं. पंधराएक दिवसांत ती सगळी अळीची कातडी भोकसून जवळपास एकाच वेळी बाहेर येतात आणि लगेच स्वतःभोवती रेशीम विणतात. हेच ते आपले पांढरे दाणे. आणखी पाच-सहा दिवसांनी त्यातून माश्या उडतात.

चार्ल्स डार्विनला अशा माश्यांनी फार छळलं होतं. १८६० मध्ये आपला मित्र एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात त्याने असं काहीसं म्हटलं की, जिवंत अळीच्या आत राहून तिला खाणारा जीव एका दयाळू ईश्वराने मुद्दाम घडवला असेल यावर आपला विश्वास बसत नाही.

आपल्याकडे याच्या उलट झालं. कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, त्यात अळी कोंबते, तोंड लिंपते आणि काही दिवसांनी त्या घरातून अळीऐवजी माशीच बाहेर येते. हे लोकांनी शेकडो वर्षं भिंतींवर बघितलं आणि त्यातून अर्थ काढला की अळी माशीचं इतकं ध्यान करते की तीच माशी होऊन जाते. भ्रमर-कीटक न्याय तो हाच. कीर्तनात तुम्हीही ऐकला असेल. निरीक्षण अचूक होतं, फक्त मधला प्रकार दिसत नव्हता. अळीची माशी होत नाही, माशीचं पोर अळी खाऊन मोठं होतं. कोटेशिया मात्र कुंभारणीसारखं घर बांधत नाही आणि अळीला लुळीही करत नाही. ती तिला तशीच चालती-फिरती सोडते.

आणि गडबड इथेच होते. टोचलेली अळी पुढचे बरेच दिवस खात राहते. तुम्ही सकाळी रानात गेलात, पोंगा उघडला, अळी दिसली, जिवंत आहे, खातेय. ती आतून भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे कोटेशियाचा फायदा आजच्या पानावर दिसत नाही, तो अळीच्या पुढच्या पिढीत दिसतो. एका अळीचा पतंग झाला नाही म्हणजे शेकडो अंडी घातली गेली नाहीत. हा हिशेब डोळ्यांना दिसत नाही, फवारणीनंतर पडलेल्या अळ्या दिसतात. माणूस दिसतं त्यावर विश्वास ठेवतो, त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

फवारणीने नेमकं कोण मरतं?

पोंग्यातली अळी स्वतःच्या विष्ठेच्या बुचाखाली लपलेली असते. खोडकिडा तर खोडातच. औषध पडतं पानांवर, जिथे माश्या दिवसभर फिरतात. सरसकट सगळे कीटक मारणारं औषध असेल तर सगळ्यात आधी जातात त्या माश्या. अळ्यांपैकी काही वाचतातच, आणि आता त्यांच्या मागे कोणी नसतं. मग दुसरी फवारणी लागते, मग तिसरी. मका मुरघासाचा असेल तर तो पुढे गायीच्या पुढ्यात आणि तिथून दुधात जातो, हा हिशेब वेगळाच.

पाचट जाळण्याचंही तेच. तोडणी झाली की काडी लावायची ही आपल्याकडची जुनी सवय. पाचटात कीड राहते म्हणून जाळतो असं सांगितलं जातं. पण त्याच पाचटात या माश्यांचे कोष असतात, कोळी असतात, भुंगेरे असतात. पाचट सरीत कुजवा असं कृषी विद्यापीठ आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं सांगतात ते मुख्यतः जमिनीसाठी, पण त्यात हेही आलं.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतंय त्यांनी घरातल्या मोठ्यांना लोकरी मावा विचारावा. २००२ मध्ये सांगली भागात उसावर पांढऱ्या मेणकट मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. डोक्यापेक्षा उंच उसात फवारणार कसं? तो पुढे आटोक्यात आला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडींमुळे, आणि एन्कार्सिया नावाच्या एका बारीक गांधीलमाशीमुळे. गंमत म्हणजे यातली डिफा ही स्वतः एका पतंगाची अळीच आहे. म्हणजे 'अळी दिसली की मारा' हा नियम तिथे लावला असता तर ऊस वाचवणारीच मेली असती.

मग ही दुकानात का मिळत नाही?

ट्रायकोकार्ड तुम्ही पाहिलं असेल. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर साधारण २०,००० बारीक अंडी चिकटवलेली असतात आणि त्यात ट्रायकोग्रामा ही आणखी छोटी गांधीलमाशी वाढत असते. ती अळीवर जात नाही, पतंगाच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालते. उसाच्या खोडकिड्यासाठी कार्ड लावायची शिफारस जुनी आहे. ट्रायकोग्रामा तयार करणं तुलनेने सोपं आहे. भरडलेल्या धान्यावर तांदळातला पतंग वाढवायचा, त्याची अंडी कार्डावर चिकटवायची, झालं.

कोटेशियाला जिवंत अळ्या लागतात, आणि अळ्यांना रोज खायला. ब्राझीलने हे जमवलं. तिथे १९७० च्या दशकात त्यांच्या उसातल्या खोडकिड्यासाठी कोटेशिया फ्लेविपेस नेली गेली. आज तिथल्या प्रयोगशाळांत अळ्या कृत्रिम खाद्यावर वाढवतात, आणि कामगार एकेक अळी हातात धरून माशीसमोर नेतात, ती टोचली की पुढची. हेक्टरी सुमारे ६,००० माश्या सोडल्या जातात, आता तर ड्रोननेही. लाखो हेक्टर ऊस यावर चालतो.

केनियाची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. ज्वारी-मक्यातला आपला खोडकिडा गेल्या शतकात आशियातून आफ्रिकेत पोहोचला आणि तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. नैरोबीच्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेने १९९३ मध्ये पाकिस्तानातून आणलेली फ्लेविपेस किनारपट्टीच्या शेतांत सोडली. ती तिथे रुजली, शेजारच्या देशांतही पसरली, आणि खोडकिड्याची संख्या घटली. आशियातली कीड मागे लागली म्हणून त्यांनी आशियातूनच तिचा वैरी नेला. न्यूझीलंडनेही त्याआधी, १९७० च्या दशकात, देशी लष्करी अळीसाठी पाकिस्तानातूनच रुफिक्रस नेली होती.

जगाने जी माशी विमानाने नेली ती आपल्या बांधावर फुकट आहे. अर्थात फुकट आहे म्हणून पुरेशी आहे असं नाही. काही रानांत, काही हंगामांत ती भरपूर असते, काही ठिकाणी नावालाही नसते. पीक कोवळं असताना अळी जोरात आली तर नुसतं माशीवर सोडून चालत नाही. तेव्हा कामगंध सापळे, सुरुवातीला निंबोळी अर्क, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर कृषी सहायकाला किंवा बारामतीला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून एक नेमकी फवारणी, तीही पोंग्यात, संध्याकाळी. ग्रुपवर फोटो टाकून आलेल्या पहिल्या उत्तरावर नाही.

माशीला स्वतःला खायला मध लागतो, म्हणजे फुलांतला. अळी फक्त पोरांसाठी. चार बाजूंनी ऊस आणि तणनाशक मारलेला कोरा बांध असेल तर ती उपाशी मरते. बांधावर किंवा मधल्या सरीत थोडी कोथिंबीर, बडीशेप, चवळी फुलावर येऊ दिली तरी तिचं काम होतं.

आणि आपल्या रानात ती आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फवारणीचा विचार मनात आला की आधी मक्यातल्या वीसेक लहान-मध्यम अळ्या गोळा करा. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवा, कारण लष्करी अळ्या एकमेकींना खातात. झाकणाला बारीक कापड बांधा आणि रोज ताजं पान टाका. फवारणी थांबवण्यासारखी नसेल तर थांबू नका, डब्या पुढच्या वेळच्या हिशेबाला उपयोगी पडतील. दहा-पंधरा दिवसांत काही डब्यांत पांढरे दाणे दिसले तर किती दिसले ते मोजा. उसात वाळलेला पोंगा उपटल्यावर खोड उभं चिरून बघा. भुयारात कापसासारखा पुंजका असेल तर तो तसाच सावलीत बांधावर ठेवून द्या.

रिकामे कोष सापडले तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून त्यांचं टोक बघा. टोकाला गोल झाकण कापल्यासारखं व्यवस्थित भोक असेल तर कोटेशिया उडून गेली. बाजूला वेडंवाकडं कुरतडलेलं भोक असेल तर तिच्याही कोषात अंडं घालणारी तिसरीच एखादी माशी तिथून निघालेली असते. या अळी खाणारीला खाणाऱ्या.